चिळकांडी की गळती?

तासगावचे मामा मिरजेत तिसऱ्यांदा भरती झाले तेव्हा हिमोग्लोबिन ६ होतं. शी डांबरासारखी काळी, चिकट. पोटात दुखणं नाही, दुर्बिणीत अल्सर नाही. म्हणजे आत कुठेतरी रक्त जात होतं. संशय दोघांवर: डियुलाफॉय आणि अँजिओडिस्प्लेशिया.

डियुलाफॉय म्हणजे बहुधा जठराच्या वरच्या भागात, अस्तराखाली बारीक न होता तशीच राहिलेली १ ते ३ मिलिमीटर जाडीची धमनी. वरचं अस्तर जरासं फाटलं की चिळकांडी. ताज्या रक्ताची उलटी, बीपी खाली. मग आपोआप थांबतं आणि दुर्बिणीला जागाच सापडत नाही. म्हणून तपासणी लगेच हवी. सापडली तर क्लिप लावून बहुतेकदा भागतं.

अँजिओडिस्प्लेशिया संथ. फुगलेल्या नाजूक शिरांचं लाल जाळं, जास्त करून मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला, साठीनंतर. थेंब थेंब गळती, माणूस नुसता दमतो. हृदयातली महाधमनीची झडप अरुंद असेल तर हाच आधी आठवावा; ही जोडी डॉ. हाइड यांनी १९५८ मध्ये नोंदवली. दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या झोताने जाळतात, तरी पुन्हा रक्त जाऊ शकतं.

मामांना उलटी कधीच नव्हती, जिन्यावर धाप मात्र होती. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, त्यामुळे घरात घोळ झाला तो वेगळाच. माझा कौल दुसऱ्याला. कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळवली, लहान आतड्यात दोन लाल ठिपके निघाले.