जुन्या टीव्हीला स्टिक की लॅपटॉप?
आमचा एलसीडी टीव्ही २०११चा. चित्र अजून स्वच्छ आहे, म्हणून तो बदलायची इच्छा नाही. इंटरनेटवरचे सिनेमे बघायला त्याला स्टिक (टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये खोचायचं छोटं स्ट्रीमिंग उपकरण) आणि लॅपटॉप, दोन्ही जोडून पाहिले.

वेगात लॅपटॉप सरस. राउटरची लॅन केबल थेट त्याला लावता येते, मग सिनेमा मध्येच अडकत नाही. स्टिक टीव्हीच्या पाठीमागे दडते आणि तिथे वायफाय दुबळं पोचतं. छोट्या एचडीएमआय एक्स्टेंडरने (जोड-केबलने) तिला बाहेर काढा; राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा. आमच्याकडे एवढ्यानेच काम झालं.

कॉपी-संरक्षणात मात्र मला स्टिकच भरवशाची वाटते. फोर-के चित्रासाठी सहसा एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारं तंत्र) २.२ लागतं, ते जुन्या टीव्हीत नसतं. तेव्हा स्टिक बहुधा स्वतःच १०८०पीवर, म्हणजे फुल एचडीवर उतरते. लॅपटॉप व्हीजीएने (जुन्या मॉनिटर-केबलने) जोडलात तर त्या केबलमध्ये एचडीसीपीची सोयच नाही. मग आवाज येतो, पण पडदा काळा, किंवा चित्र धूसर. एचडीएमआयवरही पडदा काळा राहिला आणि मध्ये स्प्लिटर (एक सिग्नल अनेक पडद्यांना वाटणारी डबी) असेल तर आधी तो काढा, टीव्ही आणि जोडलेलं उपकरण, दोन्हींचे प्लग मिनिटभर काढून ठेवा, टीव्हीचा दुसरा पोर्ट वापरून बघा.

आईला रिमोट हातात हवा असतो, म्हणून आमच्याकडे स्टिकच राहिली.