ऑफिसात फोम लावून घेण्याआधी एवढं वाचा

टिळक रोडवर माझं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. केबिनमधलं बोलणं बाहेर बाकावर बसलेल्यांना स्पष्ट ऐकू जायचं. लोक आपली मिळकत, कर्जं, भावाभावांतले वाद विश्वासाने सांगतात, त्यामुळे ते मनाला फार लागायचं. शेवटी एका इंटिरिअरवाल्याला बोलावलं. "साहेब, पन्नास एमएमचा फोम मारतो, आवाज बाहेर जाणारच नाही." दाखवलेला नमुना चांगला दाट, जड होता. ४२,००० रुपये घेतले, तेही रोख.

काम झालं. केबिनमध्ये आवाज घुमायचा तेवढा थांबला, बाहेर मात्र शब्द न् शब्द पूर्वीसारखाच ऐकू येत होता. ओळखीच्या आर्किटेक्टबाईंनी फॉल्स सीलिंगची एक टाइल उचलून दाखवली. प्लायचं पार्टिशन तिथेच संपलं होतं, वर दोन्हीकडची पोकळी एकच. दाराखाली बोटभर फट. फोम खोलीतला प्रतिध्वनी शोषतो. पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजनदार भिंत लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. शिडीवर चढून मापं घेणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, हे मला पटत नाही.

मग मालाचीच शंका आली. घनमीटरला ३२ किलोचा फोम ठरला होता. त्या हिशेबाने दोन बाय दोन फुटांचा सपाट तुकडा ६०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. खालच्या किराणा दुकानातल्या काट्यावर तो २८० भरला. गच्चीवर लोखंडी घमेल्यात त्याच्या कोपऱ्याला काडी लावली, तर भसकन पेटला. जळते थेंब टपटप गळू लागले, काळा धूर डोळ्यांत गेला. आग न धरण्याचं जे प्रमाणपत्र त्याने दिलं होतं, ते दुसऱ्याच मालाचं निघालं.

२००३ साली अमेरिकेत वेस्ट वॉरिकच्या नाइटक्लबमध्ये भिंतींवरचा असाच पॉलियुरेथेन फोम आतषबाजीने पेटला आणि १०० माणसं गेली. माझी केबिन सगळ्यात आत, बाहेर पडायला दार एकच. त्याच संध्याकाळी सगळा फोम उपटून काढला, भिंतीचा रंगही सोबत निघाला.

नमुन्यावर ठेकेदाराची सही घेऊन तो स्वतःकडे ठेवा, आलेला माल चिकटवण्याआधी तोलून बघा, प्रमाणपत्रावरचं मालाचं नाव आणि जाडी ताडून पाहा. आणि पक्कं बिल घ्याच. वकिलांनी मला पहिल्यांदा तेच मागितलं. माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला दराचा एक फोटो होता, त्यावर ना सही, ना फोमची घनता.