स्नॉर्कलिंगचा मास्क, आठ महिन्यांनी: मिशीवाल्यांनी आधी वाचावं

काल कंपनीचा शेवटचा मेल आला. पट्ट्याचं बक्कल तुटलं ते 'खाऱ्या पाण्याशी संपर्क आल्यामुळे', आणि असलं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणे. वस्तू काय, तर समुद्रात तोंड बुडवून, नळीतून श्वास घेत खालचं बघायला घालायचा मास्क. छत्री पावसात भिजली म्हणून वॉरंटी गेली, तशातला प्रकार. त्या रागातच लिहायला बसलोय, त्यामुळे सुरुवात तिखट लागली तर समजून घ्या.

टफन केलेली काच, सिलिकॉनची कड, लाट आली की आपोआप बंद होणारी नळी वगैरे सगळं खोक्यावर छापलेलं आहे, ते परत सांगत नाही. डिसेंबरात 1,899 रुपयांना घेतला. जानेवारीत आम्ही चौघं, म्हणजे मी, मास्तर, मेडिकलवाला आणि बँकवाला, कोल्हापूरहून अंदमानला जाणार होतो. भाड्याची नळी आधी कुणाकुणाच्या तोंडात गेली असेल या विचारानं मला मळमळायचं, म्हणून स्वतःचा मास्क. मास्तर म्हणाले, "भावा, गाड्यावरच्या बशा कुठं तू तपासून घेतोस?" मुद्दा बरोबर होता, पण ऑर्डर गेली होती. हॅवलॉकला पोचल्यावर कळलं की एलिफंट बीचच्या बोटीच्या तिकिटातच एक फेरी स्नॉर्कलिंग आणि मास्क येतो. ती 1,899 ची कळ अजून गेलेली नाही.

(हॅवलॉकचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम झालंय. जेट्टीवर ओरडताना मात्र सगळे हॅवलॉक-नीलच ओरडतात, मीही तेच लिहितोय.)

पहिला दिवस सेल्युलर जेलमध्ये गेला. सात विंगांतल्या तीनच उरल्यात. सावरकरांच्या कोठडीसमोर उभं राहिल्यावर आमच्यातला सगळ्यात बडबड्या बँकवालाही गप्प झाला, आणि संध्याकाळपर्यंत कुणी मास्कचा विषय काढला नाही. तिथली संध्याकाळही लवकर होते. घड्याळ आपलंच, पण जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्य बुडतो, त्यामुळे पाण्यातलं जे काय करायचं ते सकाळीच उरकावं.

आता मुख्य तक्रार. मला मिशी आहे. साधी नाही, कोल्हापुरी.

एलिफंट बीचला कमरेएवढ्या पाण्यात मास्क लावला, तोंड खाली घातलं, आणि मोजून वीस सेकंदांत नाकाच्या कप्प्यात पाणी. अजून थोड्या वेळानं डोळ्यांपर्यंत. पट्टा आवळला. जास्तच पाणी. आणखी आवळला. आमचा गाइड टायरची ट्यूब ओढत शांतपणे बघत होता. म्हणाला, "साब, मूंछ है ना, पानी आएगा ही." मग त्यानंच पट्टा सैल केला. आवळल्यानं सिलिकॉनची कड दुमडते आणि गळती वाढते, हे खोक्यावर कुठंही नाही. पाणी काढायची युक्तीही त्यानंच दाखवली: मान वर, काचेची वरची कड कपाळाला दाबायची, आणि नाकातून जोरात श्वास सोडायचा. दर दोन मिनिटांनी मी हेच करत होतो, म्हशीगत फुसफुस.

दोन मिनिटांच्या त्या मधल्या फटींत जे दिसलं ते मात्र विसरणार नाही. खडकात रुतून बसलेला सुपाएवढा शिंपला, उघडा, आणि त्याच्या कडेला निळ्या-जांभळ्या मखमलीची झालर. माझी सावली त्याच्यावर पडली तशी ती झालर आकसली आणि शिंपला दचकून मिटला. दोन हात मागं सरकलो, वाट बघितली. हळूहळू परत उघडला. असं मी तीनदा केलं. चौथ्यांदा मास्क भरला.

मेडिकलवाल्यानं औषधांच्या पिशवीतनं व्हॅसलीन काढून मिशीला चोपडलं. गळती कमी झाली, पण ते काचेला लागलं, मग सगळे मासे धुक्यातून. धुक्याचं एक वेगळं सांगतो: नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो पांढऱ्या टूथपेस्टनं घासून काढायचा, जेलनं नाही. तरीही आत उतरण्याआधी थुंकी लावून विसळावीच लागते. भाड्याच्या नळीची किळस येणारा माणूस दहा मिनिटांत स्वतःच्या काचेवर थुंकायला लागतो.

बँकवाल्यानं माझ्यावर वरकडी म्हणून 2,400 चा अख्खा चेहरा झाकणारा मास्क आणला होता. बोटवाल्यानं तो लावूच दिला नाही. नीट बसला नाही तर सोडलेली हवा आतच साठते, शिवाय कानावर दाब आला तर नाक चिमटता येत नाही. मग बँकवाला तिकिटातला मास्क लावून पाण्यात, आणि नळीतून शिवगर्जना देत. नळीतून हसलेलं फार विचित्र ऐकू येतं. चौघांच्या चार नळ्या, चार भोंगे. गाइड दोनदा म्हणाला, हसू नका. आम्हाला वाटलं, मासे घाबरतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी राधानगर. तिथं मास्क खोलीतच ठेवा, नुसती वाळू आणि लाटा आहेत, आणि तेवढं पुरेसं आहे. मगरीची सूचना आणि जाळी बघून मेडिकलवाला गुडघ्याच्या पुढं गेला नाही.

नीलला भरतपूर बीचवर पाणी उथळ आणि काचेसारखं. तिथं माझा धीर सुटला. सकाळी हॉटेलच्या आरशासमोर नाकाखालची बोटाच्या पेराएवढी पट्टी भादरली, जेणेकरून कड कातडीवर बसावी. खालची मिशी तशीच. डायव्हिंगवाले हेच करतात, असं गाइडनं सांगितलं होतं. गळती निम्म्यावर आली. थांबली नाही, निम्म्यावर आली. याच्यासाठी तेव्हा मी मनात दोन तारे कापले.

परत आल्यावर आप्पांनी दारातच बघितलं. आमच्याकडं मिशी कधी काढतात हे सांगायला नको. चप्पल काढायच्या आधी त्यांनी एवढंच विचारलं, "आरं, मी अजून जित्ता हाय न्हवं?" आईनं दोन दिवस माझ्याकडं सरळ बघितलं नाही.

एप्रिलच्या शेवटी मालवण. अंदमाननंतर तिथल्या पाण्यात दिसणं कमी वाटतं, पण सिंधुदुर्गाच्या आसपास दिवस चांगला लागला तर मजा येते. मास्तरांना वीतभर मासा दिसला. पाण्याखाली सगळं साधारण एक-तृतीयांशानं मोठं दिसतं, त्यामुळे तेव्हापासून त्यांच्या कुठल्याही आकड्यातून आम्ही आपोआप वजावट करतो, पगार धरून. तिथंच, दुसऱ्या डुबकीला, डाव्या बाजूचं बक्कल कट् करून तुटलं. ओढलंही नव्हतं. काचेच्या चौकटीला धरणारी काडीएवढी प्लॅस्टिकची खुंटी आहे, अख्खा मास्क तिच्यावर. ती सुटी विकत नाहीत.

मग कंपनी. आधी खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. चार महिन्यांपूर्वीचा! मग बिल. मग तुटलेल्या बक्कलाचे चार बाजूंनी फोटो. मग तीन आठवडे शांतता. मग पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट, म्हणजे परत त्यांच्याकडूनच घ्या. मी विचारलं, साहेब, हा मास्क नेमका कुठल्या पाण्यासाठी आहे, पंचगंगेच्या? त्याला कालचं उत्तर आलं.

इथंवर लिहिलं ते एक ताऱ्याचं होतं. पण मे महिन्यातलं सांगितल्याशिवाय खरं होणार नाही.

विहिरीवर मोटारीचा फुटबॉल, म्हणजे पाइपच्या तळाची झडप, बदलताना गड्याच्या हातून मोठा पाना निसटला. तळाला जेमतेम दीड पुरुष पाणी, उन्हाळ्यामुळं निवळ. आप्पा म्हणाले, "ते तुजं माशाचं भिंग आण." बक्कलाच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून दिली, ढिलीच. आप्पांची मिशी माझ्या दुप्पट. मी मनात म्हटलं, आता कळेल यांना माझं दुःख. पायऱ्या उतरले, दम घेतला, खाली गेले, आणि पाना घेऊन वर आले. काच कोरडी ठाक.

"पाणी न्हाई आलं आत?"

"कसलं पाणी?"

मीही उतरलो. तोवर माझी मिशी पूर्ण वाढलेली. मास्क बसला, तळाचा चिखल, पायऱ्यांच्या फटीतला खेकडा, सगळं स्वच्छ. एक थेंब आत नाही. तेवढ्यात वरनं गडी आप्पांना म्हणाला, "मालक, भिंग लावून तुमी खारवीच दिसताय." मला हसू फुटलं, आणि फस्सकन पाणी आत.

नंतर घरी आरशासमोर मास्क लावून बघितलं. पट्टा न लावता, नुसता नाकानं श्वास ओढून चिकटवायचा, पडला नाही तर माप बरोबर. चिकटला. हसलो, की नाकाशेजारी गालाला घड्या पडतात आणि तिथूनच फट होते. आप्पा पाण्यात हसत नाहीत. तसे बाहेरही फार हसत नाहीत. मिशीनं थोडं पाणी येत असेलही, पण एलिफंट बीचला माझा मास्क दर दोन मिनिटांनी का भरत होता ते आता मला कळतंय, आणि त्याचा निम्मा दोष बँकवाल्याच्या शिवगर्जनेचा आहे.

तर मिशीपायी कापलेले दोन तारे परत देतोय. बक्कलाचे दोन कापलेलेच राहतील. मास्क आजवर अकरा वेळा पाण्यात गेला, म्हणजे एका वेळेला एकशे त्र्याहत्तर रुपये. अजून वीसेक वेळा चालला तर मनाला पटेल. घेणार असाल तर खुंटी प्लॅस्टिकची आहे का ते आधी बघा, आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, लग्नाचा काढता तसा.

ट्यूबची पट्टी अजून टिकून आहे. कंपनीनं विचारलं तर सांगेन, गोड्या पाण्यात बसवली.