पेटी की बासरी? हाताशी रोज वीसच मिनिटं असतील तर

सकाळी डबे भरून झाल्यावर किंवा रात्रीची झाकपाक झाल्यावर कशीबशी वीस मिनिटं निघतात, आणि मन पेटी (हार्मोनियम) आणि बासरी यांच्यात अडकलंय. अशा वेळी कुठलं वाद्य जास्त गोड, हा वाद बाजूला ठेवावा. वीसपैकी किती मिनिटं खरोखर वाजवण्यात जातील, एवढंच आधी बघावं.

वरवर पाहता बासरीचं पारडं जड आहे. शिकण्यासाठी घेतात ती पांढरी एकची (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरणारी) मध्यम बासरी साधारण 19 इंचांची. पिशवीत मावते, कामाच्या दौऱ्यावर नेता येते, खिशालाही परवडते. पेटी दहा-बारा किलोची, तिची खरेदी विचार करून करावी लागते, शिवाय घरात तिला जागा लागते. वेळ कमी असलेल्या माणसाने बासरी घ्यावी, असं कुणीही म्हणेल. निवड करण्याआधी माझंही मत तेच होतं.

ते बदललं एका कटकटीमुळे: फुंक. बासरीत सूर तयार नसतो, तो दर वेळी ओठांनी घडवावा लागतो. फुंकेची बारीक धार मुखरंध्राच्या पलीकडच्या काठावर बसली तर स्वर. बासरी जराशी आत-बाहेर वळली की नुसती हवा. वरची तीन छिद्रं झाकून सा बहुधा पटकन लागतो. खाली उतरताना खरी परीक्षा. सहाही छिद्रं बंद करून मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, काढायचा, तर अनामिका किंचित सरकलेली असते आणि तिथून हवा निसटते. आपल्याला वाटतं फुंक कमी पडतेय, म्हणून जोर लावतो. स्वर थेट वरच्या सप्तकात उडी मारतो. आणखी जोर लावला की डोकं गरगरतं. उपाय साधा आहे. बोटाच्या टोकाऐवजी पेराचा मांसल भाग छिद्रावर टेकवायचा आणि फुंक उलट हलकी करायची. पण हा उपाय ओठांना आणि बोटांना रोज नव्याने आठवावा लागतो.

रोज वाजवणाऱ्याची फुंक दोन-तीन मिनिटांत लागते. व्यापात अडकलेल्या माणसाचे मात्र आठवड्यात तीन-चार दिवस बुडतातच, आणि खाड्यानंतर माझ्या अनुभवात दहा-बारा मिनिटं नुसता स्वर शोधण्यात जातात. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण अलंकार (स्वरांचे सरावाचे पलटे) सुरू करावा तोवर उठायची वेळ झालेली असते, एवढं नक्की. त्यात एसीच्या खोलीत थंड बासरी थोडी उतरलेली असते, तापेपर्यंत तानपुऱ्याच्या ॲपशी जुळत नाही. दौऱ्यावर नेलेली बासरीही बहुतेकदा बॅगेतच राहते. हॉटेलच्या पातळ भिंतीशेजारी तार सप्तकात फुंकायचा धीर कितीजणांना होतो?

वेळ पेटीतही वाया जातो. कपाटावरून खोका उतरवा, पेटी बाहेर काढा, सतरंजी पसरा, शेवटी पुन्हा सगळं आत ठेवा. पाच-सात मिनिटं यातच संपतात. पण ही अडचण एकदाच सोडवायची असते. पेटी खोक्यात ठेवायचीच नाही. भिंतीलगत चौरंगावर मांडायची, भाता मिटून कडी लावायची, वर सुती कापड टाकायचं. मग कापड उचलल्यापासून पहिल्या सा पर्यंत अर्धा मिनिटही लागत नाही, आणि सहा दिवसांनी बसलात तरी सा जागच्या जागीच असतो. फुंकेसाठी असा चौरंग मिळत नाही.

पेटीचे दोष खरे आहेत. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, नाही. सप्तकाचे बारा स्वर समान अंतरावर बसवणाऱ्या जुळणीत शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा राहतो. तयार कानाला तो टोचतो. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत उठली नाही, तिच्यामागे ही तक्रारही होती. पहिल्या दोन वर्षांत तुमची-माझी गाडी या दोषापर्यंत पोहोचते का, हा वेगळा प्रश्न. त्याहून जवळचा धोका म्हणजे पेटी फार लवकर वाजते. दोन बोटांनी महिनाभरात भजन बसतं आणि ती सवय पुढे मोडावी लागते. म्हणून अंगठा इतर बोटांखालून नेण्याची पद्धत पहिल्या आठवड्यापासूनच. भूप राग घ्या, काळी तीनला सा धरला तर तो पूर्ण काळ्या पट्ट्यांवर बसतो, पण बोटं सुधारायची असतील तर पांढरी एकपासूनच वाजवा. रात्री वाजवायचं तर एकच खटका (सुरांची ओळ उघडणारी पुढची खुंटी) ओढा आणि भाता सावकाश, अखंड हलवा. धक्के दिले की स्वर फुगतो आणि शेजारचे खोकतात.

घेताना स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी, नको. वजन आणि किंमत वाढते, नवशिक्याला उपयोग नाही. साडेतीन सप्तकांची, 42 पट्ट्यांची, खर्ज (जाड) आणि नर (मध्यम) अशा सुरांच्या दोन ओळींची साधी पेटी पुरते. जुनी घेत असाल तर भाता भरून पट्टीला हात न लावता थांबा. भाता झपाट्याने बसला तर गळती आहे. भाता हलवताना एखादा स्वर आपणहून वाजत असेल तर त्या पट्टीखाली कचरा तरी असेल किंवा दमटपणाने लाकूड फुगलं असेल. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हे ठरलेलंच. ते दुरुस्त होतं, त्यावर भाव पाडून घ्या.

बासरी कुणी घ्यावी? ज्याची वीस मिनिटं रोज न चुकता, ठरल्या वेळी निघतात आणि ज्याला तिच्या स्वराचं वेड आहे, त्याने खुशाल. फक्त पहिल्याच दिवशी लांबलचक, खालच्या स्वराची बेस बासरी घेऊ नये. पांढरी तीनची बेस सुमारे 30 इंचांची असते. अनामिका ताणूनही छिद्र पुरतं झाकलं जात नाही, आणि वर सांगितलेला मंद्र पंचम महिनोन्‌महिने लागत नाही.