हवा कमी ठेवण्याचा सल्ला आणि सात वर्षे जुने टायर

मे २०२४ मध्ये पुण्यातील एका टायरच्या दुकानात माझी फसवणूक झाली. रक्कम फार मोठी नव्हती. पुढचा आणि मागचा टायर, दोन ट्यूब आणि बसवणावळ मिळून सोळा हजार रुपये. तरीही हा अनुभव सविस्तर लिहितो आहे, कारण त्या दुकानदाराने खोटे फार थोडे सांगितले. त्याने मुख्यतः अर्धे खरे सांगितले, आणि उरलेले अर्धे मला ठाऊक आहे असा माझा समज असल्यामुळे मी ते त्याला विचारले नाही.

माझी गाडी ४११ सीसीची रॉयल एन्फिल्ड हिमालयन. पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७ या मापाचे टायर, तारांची चाके आणि आत ट्यूब. जूनमध्ये हिमाचल प्रदेशातील किन्नौरमार्गे स्पितीला जायचे ठरले होते आणि मूळ टायर २० हजार किलोमीटर चालून मध्यभागी सपाट झाले होते. तेच टायर पुन्हा घेतले असते तरी प्रवास उत्तम झाला असता, हे आज कळते. त्या वेळी मात्र मला परदेशी बनावटीचे, मोठ्या ठोकळ्यांचे, निम्मे डांबरावर आणि निम्मे मातीवर चालणारे म्हणतात तसे टायर हवे होते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात परवान्याच्या बंधनात आणल्यापासून असे टायर दुर्मिळ झाले होते. जी वस्तू सरळ मार्गाने सहज मिळत नाही आणि जिची हौस पुष्कळांना आहे, तिच्याभोवती असे व्यवहार जमतात, हे ओळखण्याइतके माझे वय खरे तर झालेले आहे.

एका ओळखीच्याने सुचवलेल्या दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीचा, बोलायला अत्यंत गोड. “दादा, तुम्ही कुठे कुठे फिरता ते आधी सांगा, मग टायर दाखवतो,” असे म्हणून त्याने मला पंधरा मिनिटे बोलू दिले. मी ठोकळ्यांच्या नक्षीबद्दल, चिखलाबद्दल, डांबरावरच्या घरघरीबद्दल वाचलेले सगळे बोललो. पुढे त्याने मला जे सांगितले ते बहुतेक माझेच शब्द मला परत दिले होते. टायर पोत्यात गुंडाळलेले, काळेभोर आणि चकचकीत होते. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते यांच्यावर जवळजवळ नव्हते. विचारल्यावर “साठवताना एकमेकांवर घासून जातात,” असे उत्तर मिळाले. तसे होऊ शकते, म्हणून मी मान डोलावली. पक्के बिल मागितल्यावर २८ टक्के जीएसटीचा विषय निघाला आणि एका कोऱ्या चिठ्ठीवर ‘टायर २, ट्यूब २’ एवढे लिहून माझ्या हातात पडले. निम्मे पैसे रोख दिले आणि निम्मे यूपीआयने, तेही दुकानाच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यात. या टप्प्यावर जी चूक झाली ती सर्वस्वी माझी होती.

टायर चढवत असताना मी समोर उभा नव्हतो. “उन्हात कशाला थांबता, समोर चहा घ्या,” असा आग्रह झाला आणि मी चहाला गेलो. परत आलो तेव्हा चाके बसवून झाली होती. त्यानंतर दुकानदाराने हवेबद्दल सल्ला दिला. तो अक्षरशः असा होता: “हे ऑफ-रोडचे टायर आहेत, यांना कंपनीचा आकडा लागू होत नाही. पुढे १८, मागे २० ठेवा. गाडी लोण्यासारखी चालेल.” हे आकडे पीएसआयचे, म्हणजे टायरमधील हवेच्या दाबाच्या मापाचे. आणि गाडी खरोखर मऊ चालली. हवा कमी केली की टायरची बाजू जास्त दबते आणि खड्ड्याचा धक्का तीच शोषून घेते. रबर स्वतः कडक झालेले असले तरी कमी हवेमुळे गाडी बसायला मऊ लागते. बैठकीचा मऊपणा आणि रबराचा मऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रस्त्याला धरून ठेवण्याचे काम दुसरीचे आहे.

पहिली शंका जूनच्या पहिल्या आठवड्यात ताम्हिणी घाटात आली. वळवाचा पाऊस नुकताच पडून गेला होता आणि एका साध्या वळणावर, ताशी ४० च्या आसपास, मागचे चाक वीतभर सरकले. फोन केला तर दुकानदार म्हणाला की नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून आलेला गुळगुळीतपणा असतो आणि तो जाईपर्यंत दीडदोनशे किलोमीटर जपून चालवावे लागते. हेही खरेच आहे. कोणत्याही नव्या टायरला हा नियम लागतो. पण मी तोपर्यंत साडेतीनशे किलोमीटर चालवले होते आणि हा हिशेब मी त्याला सांगितला नाही. त्याचे उत्तर मला हवे तसे होते, एवढेच त्याचे कारण.

गाड्या रेल्वे पार्सलने चंदीगडला नेल्या आणि तिथून शिमला, रामपूर, नाको असा प्रवास सुरू केला. हवा सल्ल्याप्रमाणेच ठेवली होती, फक्त सामानामुळे मागे दोन पीएसआय वाढवले होते. सोबतच्या मित्राची गाडी तीच, टायर कंपनीचे, हवा पुढे २५ आणि मागे ३२. तो दोनदा म्हणाला की तुझा मागचा टायर थांब्यावर हाताला फार तापलेला लागतो. कमी हवेचा टायर डांबरावर वेगाने फिरताना प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो आणि त्या वाकण्याची उष्णता रबरात साठते. हे मला माहीत होते. पण उंचीवर गेल्यावर टायरमधील हवेचा दाब वाढतो, म्हणून हवा कमीच बरी, असा तर्क मी लढवला. तो तर्कही अर्धवटच होता. बाहेरचा वायुदाब घटल्यामुळे स्पितीच्या उंचीवर मापकाचा आकडा मैदानाच्या तुलनेत चार-पाच पीएसआयने वाढतो हे खरे, परंतु तापमान २५ अंशांनी उतरले की त्यातले तीनेक पीएसआय पुन्हा कमी होतात. उरलेल्या फरकासाठी मुळात सात आणि दहा पीएसआय कमी ठेवण्याचे काहीच कारण नव्हते.

सुमदो ओलांडल्यावर ताबोच्या अलीकडे दगडगोट्यांच्या एका पट्ट्यात मागचे चाक एका धारदार दगडावर आपटले आणि शंभर मीटरांत गाडी लोळू लागली. रस्त्याच्या कडेला पाने आणि टायर-लिव्हर काढून बसलो. ट्यूब बाहेर आली तेव्हा तिच्यावर शेजारी शेजारी दोन चिरा होत्या. कमी हवेत ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली की अशी जोडचीर पडते. चालवणारे तिला स्नेक बाइट म्हणतात. पण त्याच ट्यूबवर आणखी तीन ठिगळे होती, जुनी आणि कडा उललेली. नवी म्हणून साडेआठशे रुपयांना घेतलेली ट्यूब कुणाच्या तरी गाडीतून निघालेली होती. मी सोबत २१ इंची एकच ट्यूब बाळगली होती, कारण अडचणीच्या वेळी पुढची ट्यूब मागच्या टायरमध्ये तात्पुरती चालते. ती कशीबशी आत सरकवली आणि ताबोपासून काझापर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर तासाला २०-२५ च्या वेगाने कापले.

काझाच्या पंक्चरवाल्याने चाक हातात घेतले आणि पहिला प्रश्न विचारला की टायर उलटा कोणी बसवला. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. माझ्या मागच्या टायरचा बाण उलट्या दिशेला होता आणि इतक्या दिवसांत मी तो पाहिला नव्हता. त्याने टायर फिरवून सायलेन्सरकडची बाजू उजेडात धरली. तिथे, जिथे उत्पादनाच्या तारखेचे अंक असायला हवेत, तिथे बोटभर लांबीचा पट्टा ग्राइंडरने घासून वर काळे पॉलिश फासलेले होते. बाण सरळ ठेवला असता तर ही घासलेली बाजू सायलेन्सरच्या आड न जाता मोकळ्या बाजूला आली असती आणि धुताना कधीतरी दिसली असती. म्हणजे टायर उलटा बसवणे हा पोऱ्याचा निष्काळजीपणा नव्हता. मग आम्ही पुढचा टायर तपासला. त्याचे अंक कुणी खोडले नव्हते, फक्त ते मी वाचले नव्हते: ३८१७. शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २०१७ सालचा ३८ वा आठवडा. जवळजवळ सात वर्षांचा टायर मी नव्याच्या भावात घेतला होता, आणि ज्याचे अंक खोडावे लागले तो त्याहून किती जुना असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. पंक्चरवाल्याने ठोकळा अंगठ्याने वाकवून दोन ठोकळ्यांमधली खाच दाखवली. वरून चकचकीत असलेल्या रबराच्या मुळाशी केसासारख्या भेगांचे जाळे पडले होते. रबर नुसते ठेवून दिले तरी हवेतील ऑक्सिजन आणि ओझोनमुळे कडक होत जाते आणि भेगा आधी याच खाचांत दिसतात. पॉलिश तिथपर्यंत पोचत नाही.

काझात १७ इंची ट्यूब मिळाली, मागच्या चाकात ३२ हवा भरली आणि कुंझूम खिंडीचा बेत सोडून आलो त्याच वाटेने परतलो.

पुण्यात दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराचा सूर बदललेला होता. त्याने माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि विचारले, “हवा किती ठेवली होती?” मी आकडा सांगितला. “साहेब, एवढ्या कमी हवेवर गाडी चालवली तर ट्यूब फुटणारच, टायर खराब होणारच. यात आमचा काय दोष?” मे महिन्यात मी दादा होतो, जुलैत साहेब झालो. त्या क्षणी मला हवेच्या सल्ल्याचा पुरता उपयोग कळला. त्या सल्ल्याने कडक रबर लपले आणि पुढे काही बिघडल्यास दोष गिऱ्हाइकावर टाकण्याची सोयही झाली. सल्ला तोंडी होता, चिठ्ठीवर हवेचा आकडा नव्हता, टायरचा अनुक्रमांक नव्हता, दुकानाचे नावही नव्हते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. दुकानदाराचे उत्तर आले की यूपीआयने मिळालेले पैसे सर्व्हिसिंगचे होते आणि टायर मी बाहेरून आणले होते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग खुला होता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क पडत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. परंतु वकिलाचा सल्ला घेतल्यावर स्पष्ट झाले की पक्क्या बिलाच्या अभावी विक्री झाली हे सिद्ध करण्यातच माझी बहुतेक शक्ती जाईल. २८ टक्के वाचवण्याच्या लोभापायी मी माझा पुरावा आपल्या हाताने सोडून दिला होता.

जे असे टायर घेण्याच्या विचारात आहेत त्यांनी टायर रिमवर चढण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी हात फिरवून पाहावा, कारण पूर्ण तारीख बहुधा एकाच बाजूला असते आणि चढवल्यावर ती नेमकी नजरेआड जाऊ शकते. भारतात विकल्या जाणाऱ्या दुचाकीच्या टायरवर आयएसआय चिन्ह, आयएस १५६२७ हा मानक क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अॅपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव समोर येते. माझ्या ‘परदेशी’ टायरांवर यातले काहीच नव्हते. मापाच्या पुढचे आकडेही वाचावेत: ६४एस याचा अर्थ एका टायरवर २८० किलोपर्यंत भार आणि ताशी १८० किलोमीटरपर्यंत वेग. सामान आणि मागे माणूस घेऊन जाणाऱ्याने भाराचा आकडा गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी नाही ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नायट्रोजनचे वेगळे पैसे मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावे. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

हवेच्या बाबतीत आता माझी पद्धत अशी आहे. सकाळी, टायर थंड असताना, स्वतःच्या मापकाने मोजायची. पंपावरचे आणि दुकानातले मापक दोन-तीन पीएसआय इकडेतिकडे दाखवतात हे मी बऱ्याचदा पाहिले आहे. डांबरावर पुस्तकातलाच आकडा. माती, सैल मुरूम किंवा चिखल लांबपर्यंत लागणार असेल आणि वेग ३०-४० च्या आत राहणार असेल, तर पुढे २१-२२ आणि मागे २६ पर्यंत उतरतो, आणि डांबर लागताच छोट्या पंपाने पुन्हा भरतो. धारदार दगडांच्या वाटेवर मात्र काही कमी करत नाही; ट्यूब असलेल्या चाकात तिथे पकडीच्या फायद्यापेक्षा ट्यूब चिमटण्याचा धोका मोठा असतो. ट्यूबलेस चाके असणाऱ्यांना थोडी जास्त मोकळीक मिळते, पण रिम वाकण्याची भीती त्यांनाही आहेच.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका दुकानातून देशी बनावटीचे टायर घेतले. मागच्या टायरचे अंक शोधायला मला बॅटरी लावून तो दोनदा फिरवावा लागला, आणि तोवर दुकानातला मुलगा चाक हातात धरून काही न बोलता थांबला होता. अंक होते २२२४. ते मी बिलावर लिहून घेतले, त्याखाली दुकानाचा शिक्का मारून घेतला आणि टायर चढेपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिलो. त्यांनीही चहा विचारला. तो मी तिथेच मागवला.