हायलक्स, व्ही-क्रॉस की कॅम्पर? काटोलच्या पांदण रस्त्यावरून

माझ्या मामेभावाचा फोन आला की विषय दोनच असतात, संत्र्याचा भाव आणि गाडी. या खेपेला भाव बरा मिळाला असावा, कारण तो थेट गाडीवरच आला. "दादा, हायलक्स घेऊ का व्ही-क्रॉस? आता मोठी पिकअपच घ्याची हाये मले. छोटा हत्ती पुरे झाला."

त्याचं काम आधी सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. नागपूर जिल्ह्यात काटोलजवळ सहा एकर संत्रा आहे, पण वर्षभर घर चालतं ते बोअरमध्ये मोटार उतरवण्या-काढण्याच्या कामावर. तो धरून चार माणसं, चेनपुली, केबलचं भेंडोळं, मोटार आणि दहा फुटी कॉलम पाइप. कामाची ठिकाणं म्हणजे काटोल, नरखेड, कळमेश्वरची शेतं. निम्म्या शेतांना डांबरी रस्ता नाही, पांदण रस्ता आहे. जुलैत त्या काळ्या मातीत पाय टाकला की चप्पल तिथेच राहते.

त्याच्या डोक्यात हे खूळ मोबाइलवरच्या अमेरिकन व्हिडिओंनी भरलं. तिकडे ज्यांना फुल-साइज म्हणतात त्या फोर्ड एफ-१५०, सिल्वराडो, रॅम या गाड्या आपल्याकडे विकायलाच नाहीत. एफ-१५० जवळपास सहा मीटर लांब आणि आरसे सोडून दोन मीटरच्या वर रुंद. इतवारीच्या गल्लीत ती शिरली तर मागे काढायला नगरसेवकाला बोलवावं लागेल. त्या मापाने टोयोटाची हायलक्स मधल्या आकाराची, आणि गंमत म्हणजे अमेरिकेत ती मिळतच नाही; टोयोटा तिथे टॅकोमा आणि टुंड्रा विकते. आपल्याकडे मात्र मोठी पिकअप म्हटलं की हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस ही दोनच नावं पुढे येतात, म्हणून आधी त्यांचंच पाहू.

इंजिनात हायलक्स सरळ पुढे आहे. २.८ लिटरचं डिझेल, २०४ पीएस. टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, मॅन्युअलला ४२० एनएम, ऑटोमॅटिकला ५००. फॉर्च्युनरमध्ये बसतं तेच इंजिन, त्यामुळे नागपुरातल्या मेकॅनिकच्या हाताला ते ओळखीचं. व्ही-क्रॉसचं १.९ लिटर, १६३ पीएस, ३६० एनएम. समृद्धीवर फरक कळतो तो ओव्हरटेक करताना. चिखलात मात्र ताकदीपेक्षा चारही चाकांना ओढ कशी मिळते ते महत्त्वाचं, आणि फोर-बाय-फोर (चारही चाकांना ओढ) व लो गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा) दोघींकडे आहेत. फक्त व्ही-क्रॉस घेताना प्रकार नीट वाच, कारण टू-व्हील ड्राइव्हवाली ऑटोमॅटिकही त्याच नावाने विकली गेली आहे. हायलक्सला मागे डिफरन्शियल लॉक मिळतं. म्हणजे एक मागचं चाक गाऱ्यात नुसतं गरगरत असलं तरी दुसरं अडून बसत नाही. पांदण रस्त्यावर मला या एका गोष्टीचं मोल पन्नास हॉर्सपॉवरपेक्षा जास्त वाटतं. पाण्यातून जाण्याची खोली हायलक्ससाठी ७०० मिलिमीटर सांगतात. नाल्याला पूर असताना हा आकडा आठवू नये इतकंच.

किमतीत व्ही-क्रॉस चार-पाच लाखांनी खाली असते. २०१६ साली ती भारतात आली तेव्हा साडेबारा लाखांची होती. आता पंचविसाच्या आसपास जाते, हायलक्स तिशीच्या आतबाहेर. (हायलक्स २०२२ मध्ये ३३.९९ लाखांपासून सुरू झाली होती, पुढे खाली आली.) २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीची कोटेशनं फेकून दे आणि नवीन मागव. इसुझूचं सर्व्हिसचं जाळं लहान आहे. शहरात राहणाऱ्याला चालून जाईल. नरखेडला गाडी बंद पडली तर टो करून आणावी लागेल.

इथवर मामेभाऊ खुशीत होता. "मंग हायलक्सच." मी म्हटलं, थांब, आता पासिंग विचार, म्हणजे कागदावर किती भार मंजूर आहे ते.

हा प्रश्न तीस लाखांच्या शोरूममध्ये कोणी विचारत नाही, आणि सेल्समनही आपण होऊन सांगत नाही. छोटा हत्ती घेणारा पहिला प्रश्न हाच विचारतो, पासिंग किती? परदेशात या दोन गाड्या टनभर वाहतात. आपल्याकडे खासगी नोंदणीवर कागदावरचा भार अर्ध्या टनाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी धरलेला असतो, प्रकाराप्रमाणे बदलतो. बघायचं कसं? आरसीवर दोन वजनं असतात, एक रिकाम्या गाडीचं आणि एक भरल्या गाडीचं. दुसऱ्यातून पहिलं वजा कर. जे उरतं त्यातूनच आत बसलेली माणसंही वजा होतात. चार तगडी माणसं म्हणजे तीनशे किलो. मग डाल्यात, म्हणजे मागच्या उघड्या भागात, मोटार, चेनपुली आणि पाइप टाकायला किती राहिलं? स्प्रिंगचे पाटे वाकणार नाहीत, गाडी ओढेल, सगळं खरं. पण अपघात झाला तर विमा कंपनी पाटे पाहत नाही, आरसी पाहते.

डाल्याची लांबीही बघ. दोघींचा डाला पाच फुटांच्या आसपास. दहा फुटी कॉलम पाइप फाळका उघडून अर्धे बाहेर लोंबणार, नाहीतर केबिनवर स्टँड लावून आडवे टाकावे लागणार. चकचकीत रंगाच्या गाडीवर तो लोखंडी स्टँड बसवताना याचा जीव किती तुटेल ते मला दिसतंय.

"अन् संत्रा? कळमन्याले आपनच नेऊ ना," तो म्हणाला. आता हा माणूस दरवर्षी बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला विकतो. आंबिया बहार असो की मृग, तोडायला माणसं व्यापाऱ्याची, कॅरेट व्यापाऱ्याचे, गाडीही व्यापाऱ्याची. पण समजा यंदा नेलाच, तर हिशेब असा. एका कॅरेटमध्ये वीस किलो धरले तर पाच फुटी डाल्यात एका थरात आठेक कॅरेट, तीन थर म्हणजे चोवीस, पाच क्विंटलच्या खाली. तेवढ्यासाठी तीस लाखांची गाडी कळमना मार्केटच्या धुळीत, बोलेरो पिकअपच्या रांगेत उभी करणार. आणि त्या रांगेतली दोन टन पासिंगची, दहा फुटी डाल्याची पिकअप एका फेरीत त्याच्या तिप्पट माल उतरवून निघून जाणार. टाटा योद्धाही २०२२ पासून दोन टनांच्या प्रकारात मिळते. निव्वळ भाडं मारायचं असेल, माल वाहायचा असेल, तर तुलना या दोघींतच करावी आणि हायलक्सचं नावही काढू नये. अशोक लेलँडचा बडा दोस्त शहरातल्या डिलिव्हरीला चांगला, पण आपल्या शेतरस्त्यांना मी तो सुचवणार नाही.

पण मामेभावाचं काम निव्वळ मालाचं नाही. त्याला चार माणसंही न्यायची असतात, आणि आज ती पोरं छोट्या हत्तीच्या मागे पाइपांवर बसून जातात. ते बेकायदेशीर आहेच, शिवाय पोरांच्या आया संध्याकाळी वाट पाहत बसतात. मोठी पिकअप हवी म्हणण्यामागचं खरं कारण मला हेच वाटतं, फक्त तो ते असं बोलून दाखवत नाही. त्याला डबल केबिन, म्हणजे सीटच्या दोन रांगांची गाडी, हवी आहे.

आणि डबल केबिन दहा-बारा लाखांत मिळते. महिंद्राची बोलेरो कॅम्पर. तू ती रोज पाहतोस, म्हणूनच तुला ती दिसत नाही. उमरेड-सावनेरकडे खाणींच्या कामावर, विजेच्या लाइनी ओढणाऱ्या ठेकेदारांकडे, सगळीकडे तीच उभी असते. पाच माणसांची सीट, टनभर पासिंग, २.५ लिटरचं डिझेल, ७५ हॉर्सपॉवर, २०० एनएम. हायलक्सच्या ऑटोमॅटिकपुढे हा आकडा निम्म्याहूनही कमी, आणि समृद्धीवर ते जाणवेलच. मागून येणारा हॉर्न मारून मारून दमेल. पण काटोल ते सावरगाव पांदणीतून कोण ऐंशीने जातं? फोर-व्हील ड्राइव्हचा प्रकारही तिच्यात आहे, तोच माग. डाला तिचाही आखूडच, पाइपांना स्टँड इथेही लागेल. पण इथे तो बसवताना काळजाला घरं पडणार नाहीत. योद्धातही क्रू कॅब, म्हणजे डबल केबिन, येते, इंजिन २.२ लिटरचं, १०० हॉर्सपॉवर, २५० एनएम. ओढायला ती जास्त दमदार. मी कॅम्परकडे झुकतो ते एकाच कारणाने. तिचा कुठलाही सुटा भाग काटोलच्या बसस्टँडवर चहा पिता पिता मागवता येतो.

कॅम्परची उणी बाजूही ऐक, नाहीतर म्हणशील दादाने विकलीच मला. सुरक्षेत तुलना होऊच शकत नाही. हायलक्सच्या वरच्या प्रकाराला सात एअरबॅग, व्ही-क्रॉसच्या वरच्या प्रकाराला सहा. कॅम्पर या बाबतीत मागच्या पिढीतली. रिकाम्या डाल्याने सिमेंट रस्त्यावरून गेलास तर पाठ मोजून घेशील. पाटे तिन्हींना आहेत आणि रिकाम्या उडतात तिघीही, पण हायलक्सची सीट थोडी दया दाखवते. मे महिन्यात नागपूर ४५ ओलांडतं तेव्हा एसी नसलेल्या केबिनमध्ये पोरं बसवणं म्हणजे शिक्षा. म्हणून एसी आहे का हे प्रकाराचं नाव घेऊन, लेखी विचार.

कागदांतही फरक आहे. कॅम्पर सहसा मालवाहू म्हणून पास होते, पाटी पिवळी. म्हणजे फिटनेसची तपासणी, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. टोलनाक्यावरही मालवाहूचा दर कारपेक्षा जास्त. लायसन्सची भीती मात्र काढून टाक. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स चालतं, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला ते पक्कं केलं आहे. आणि तुझा जीएसटी नंबर आहे ना? मग धंद्यात वापरायच्या मालवाहू गाडीवर भरलेला जीएसटी तुला क्रेडिट म्हणून मिळतो, जे माणसं नेणाऱ्या कारवर मिळत नाही. दहा लाखांच्या गाडीवर ही रक्कम दीड लाखाच्या घरात जाते. हायलक्सचं कसं धरतात ते तुझ्या सीएला विचार, सेल्समनला नको.

पार्किंगचंही आहेच. मामाचं नागपुरातलं घर मानेवाड्याला फ्लॅटमध्ये. तिथली गाडी लावायची जागा पाच मीटरची, हायलक्स ५.३ मीटरची. नाक किंवा शेपूट, एक काहीतरी बाहेर. मामीने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मले चढता येईन का तिच्यात?" गुडघेदुखीवाल्या माणसाला या तिन्हींपैकी एकीतही धड चढता येत नाही. हायलक्सला पायदान आहे, कॅम्परला बाहेरून बसवून घ्यावं लागेल.

हे सगळं ऐकल्यावर तो दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "पन दादा, लग्नात न्याले कोनती बरी दिसन?" हायलक्स. यात वाद नाही. एखादी गाडी मनात भरली म्हणून घेण्यात मला काही वाईट वाटत नाही. संत्रा विकून आलेले पैसे त्याचे आहेत. फक्त ती बोअरच्या कामासाठी घेतली असं त्याने घरी सांगू नये, कारण बोअरच्या कामाला ती नेली की आरसीवरचं वजन आणि डाल्यातलं वजन जुळणार नाही, आणि नाही नेली तर छोटा हत्ती विकता येणार नाही.

मधली वाट हवीच असेल तर एक आहे. जुनी व्ही-क्रॉस, २.५ लिटरच्या इंजिनाची, फोर-बाय-फोर. तशा गाड्या अधूनमधून विकायला निघतात. बघायला जाताना खाली झोपून चेसिसवर नवा काळा रंग मारलाय का ते पाहा, पाट्यांचे बुश पाहा, आणि गाडी मातीत नेऊन लो गिअर स्वतः टाकून बघ. बऱ्याच शौकिनांनी तो कधी टाकलेलाच नसतो, आणि वर्षानुवर्षं न वापरलेला तो नेमका आषाढात अडतो. मालक म्हणाला, "इथेच डांबरावर बघा ना", तर तिथून निघून ये.