जुन्या जीपची चासी: डांबरी कोटिंग की इपॉक्सी?

जुन्या जीपची चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, घरी दुरुस्त करायला घेतली, की वेल्डिंगपर्यंत फारसे मतभेद होत नाहीत. गंजलेला भाग हातोडीने ठोकत तपासायचा, चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचा, चासीच्या पत्र्याइतक्याच जाडीचा पॅच बसवायचा. टाके आलटून पालटून मारायचे, म्हणजे उष्णतेने चासी वाकत नाही. पेट्रोलची टाकी उतरवून बाजूला, बॅटरीची वायर सुटी, गाडी स्टँडवर. खरा प्रश्न त्यानंतरचा: आता वरून काय लावायचं? पुण्यात विचारलं तर साधारण दोन उत्तरं येतात, काळं डांबरी अंडरबॉडी कोटिंग किंवा झिंकचा (जस्ताचा) इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, आणि वर इपॉक्सी रंग (हार्डनर मिसळून कडक होणारा).

डांबरी कोटिंगच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. नाना पेठेत सहज मिळतं, स्वस्त पडतं, एका दुपारी मारून होतं. जाड आणि लवचिक असल्यामुळे खडीचा मारा सोसतं, आवाजही कमी होतो. नवी मोटार असेल आणि पत्रा अजून कोरा असेल, तर चाकांवरच्या कमानींना मी आजही हेच लावा म्हणेन.

माझ्या जीपवर हे कोटिंग आधीच्या मालकाच्या काळात मारलेलं होतं. खालून बघितलं तर चासी एकसारखी काळी, देखणी. मागच्या क्रॉस मेंबरजवळ (चासीच्या आडव्या पट्टीजवळ) पाना सहज टेकवला तर कोटिंगचा पापुद्रा सुटून हातात आला आणि त्याच्यामागे गंजाचे थर निघाले. असं होण्याचं कारण साधं आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, कोटिंगला आतून ढकलतो. एका कडेला फट पडली की ताम्हिणी घाटातल्या एका पावसाळी फेरीत पाणी आत शिरतं आणि उन्हाळ्यातसुद्धा लवकर वाळत नाही. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. ठोकून पाहावं तर जाड थरामुळे आवाजही बद्द येतो, तो गंजाचा की डांबराचा ते कळत नाही. जिच्यावर सगळी गाडी उभी आहे ती वस्तू मला डोळ्यांनी तपासता येऊ नये, हे काही केल्या पटेना. माझा निर्णय खरं तर इथेच झाला.

त्यात हे कोटिंग काढणं म्हणजे वैताग. ग्राइंडरला वायर ब्रश लावला की डांबर तापून लिबलिबीत होतं आणि साफ केलेल्या जागीच पुन्हा लेपटतं. ते पट्टीने खरवडावं लागतं, मग रॉकेलच्या फडक्याने पुसावं लागतं. आणि हे सगळं वेल्डिंगच्या आधीच, कारण डांबर नुसता धूर करत नाही, पेटतंसुद्धा.

इपॉक्सीला कष्ट जास्त आहेत, ते लपवत नाही. लोखंड चकचकीत होईपर्यंत घासावं लागतं, तेलकटपणा थिनरने काढावा लागतो. हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू, कारण रंग घट्ट व्हायला लागतो. एप्रिलच्या उन्हात तर थोडा थोडाच कालवावा. सामानासाठी भोसरी-चिंचवडकडची औद्योगिक रंगांची दुकानं गाठावीत. प्रायमरमधलं झिंक लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, पण त्यासाठी ते थेट कोऱ्या लोखंडावर बसायला हवं. गंजावर मारलं तर उपयोग नाही. मात्र खड्यामुळे रंगाचा टवका उडाला तर तिथे तांबूस ठिपका लगेच दिसतो. एवढीशी जागा घासायची, ब्रशने रंग लावायचा, विषय संपला. माझ्या चासीवर पावसाळ्यानंतर असे ठिपके दिसतात, पण पापुद्रा सुटलेला अजून पाहिलेला नाही. तुमची गाडी कोकणात, खाऱ्या हवेत जास्त राहत असेल तर अनुभव थोडा वेगळा येऊ शकेल.

दोन्हींपैकी काहीही निवडलं तरी पेटीसारख्या बंद भागाच्या आतली बाजू सुटतेच, आणि चासी बहुधा आतूनच सडते. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं संरक्षण जळतं, म्हणून ते काम शेवटी करावं: लांब नळीने आत मेणाचा किंवा ग्रीसयुक्त तेलाचा फवारा. पाणी निघून जायची भोकं मोकळी राहिली पाहिजेत. डांबरी कोटिंगवाले ती हमखास बुजवतात, हाही माझा एक राग.

काम फेब्रुवारी ते मे दरम्यान उरकावं. दमट हवेत लोखंडावर न दिसणारा ओलावा धरतो आणि त्यावर कुठलाच रंग नीट बसत नाही.

आणि चासी नंबरच्या जागी ग्राइंडर अजिबात फिरवू नका, जाड थरही देऊ नका. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी आणि पुढे दर 5 वर्षांनी नव्याने करताना तो नंबर स्वच्छ वाचता यावा लागतो. मी तिथे टेप लावून रंगकाम केलं आणि नंतर फक्त ग्रीसचा पातळ हात दिला.